‘सिस्टीममध्ये असंच दाखवतंय’: म्हणजे नेमकं कोण दाखवतंय?

(दुबईतल्या एका कामगार कॅम्पच्या मेसमध्ये रविवारी संध्याकाळी झालेलं बोलणं. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं आवरून घेतलं आहे.)



आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस. कपडे धुवायचे असतात, घरी व्हिडिओ लावायचा असतो, झोप काढायची असते. ते सगळं सोडून तुम्ही इथे बसलात, म्हणून पहिल्यांदा तुमचे आभार. मी काही प्रोफेसर नाही. सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला आयटीआय वायरमन. इकडे हेल्पर म्हणून आलो, आता स्टोअरमध्ये माल लिहायचं काम करतो. गावाकडे एमएस-सीआयटी केली होती, पण ती सर्टिफिकेटपुरती. कॉम्प्युटर मला खरा कळला तो इथे आल्यावर, आणि तो पगार कमी आला म्हणून कळला. ती गोष्ट आधी सांगतो.

इथे येऊन मला वर्ष झालं होतं. बेसिक ९०० दिरहम. त्या महिन्यात मी २६ दिवस रोज दोन तास ओटी केली, म्हणजे ५२ तास. हिशेब बघा. ९०० भागिले ३० दिवस, झाले दिवसाचे ३०. त्याला ८ तासांनी भागलं की तासाला ३ दिरहम ७५ फिल्स. इथल्या कायद्याप्रमाणे साध्या ओटीला बेसिकच्या वर किमान २५ टक्के द्यावे लागतात, आणि रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत केली तर ५० टक्के. रात्रपाळीवाले लोक मात्र यात येत नाहीत. माझी ओटी संध्याकाळची होती. म्हणजे तासाला साधारण ४ दिरहम ६९ फिल्स. ५२ तासांचे झाले २४३ दिरहम ७५ फिल्स. ऑफिस वर्षाचे ३६५ दिवस धरून भागत असेल तर थोडा फरक पडेल, जास्त नाही.

हातात ओटीचे आले ११७ दिरहम.

मी ऑफिसात गेलो. क्लार्कने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, “भाई, सिस्टीम में तो ऐसा ही दिखा रहा है.” झालं. मी मागे फिरलो. कारण ‘सिस्टीम’ म्हटल्यावर मला वाटलं, आता मशीनशी काय भांडणार? मशीन थोडंच कुणाचं खातं? तुमच्यापैकी किती जणांनी हे वाक्य ऐकलंय? हात वर करा. बघा. जवळजवळ सगळ्यांनी.

आज या एका वाक्याची उकल करू. सिस्टीम म्हणजे काय, आणि ‘दाखवतंय’ म्हणजे कोण दाखवतंय? एवढं कळलं तर कॉम्प्युटरची ओळख आपोआप होईल.

आधी हार्डवेअर

टेबलावर एक जुना डेस्कटॉप उघडून ठेवलाय. बंद पडलेला आहे, त्यामुळे हात लावायला घाबरू नका. जे हाताला लागतं, जे पडलं तर फुटतं, ते सगळं हार्डवेअर. डबा, वायरी, पंखा, कीबोर्ड, माउस, स्क्रीन.

त्यातली कामं चारच. माल आत घ्यायचा, त्यावर काम करायचं, साठवायचं आणि बाहेर द्यायचं. आपल्या साइटवर दुसरं काय असतं?

आत घेण्याला म्हणतात इनपुट. कीबोर्ड, माउस हे इनपुट. पण तुमचं रोजचं इनपुट सांगू का? गेटवरचं अंगठ्याचं मशीन. सकाळी अंगठा लावता तेव्हा तुम्हीच कॉम्प्युटरमध्ये माहिती भरत असता. कोण आला आणि किती वाजता आला, एवढंच ते घेतं. अंगठा नीट लागला नाही, बोटाला सिमेंट होतं, मशीनने ओळखलं नाही, आणि तुम्ही ‘जाऊ दे’ म्हणून आत गेलात, तर कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. त्याला डोळे नाहीत. जे आत गेलं तेवढंच त्याला माहीत.

काम करणारा भाग म्हणजे प्रोसेसर, सीपीयू. तो इथे, या पंख्याच्या खाली. बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोनी तुकडा. बरेच जण या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, पण खरा सीपीयू हा एवढासा. तो बेरीज, वजाबाकी, तुलना अशी साधीच कामं करतो, पण एका सेकंदात अब्जावधी वेळा. हुशार नाही, जलद आहे. चुकीचा आकडा दिला तर चुकीची बेरीजही तितक्याच झपाट्याने करून देतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साठवण दोन तऱ्हेची. एक रॅम, ही पट्टी. दुसरी हार्ड डिस्क, हा जड चौकोन. नव्या मशीनमध्ये याच्या जागी एसएसडी असते. फरक असा. गोडाऊनमध्ये सिमेंटच्या हजार गोण्या आहेत, पण मिस्त्रीच्या हाताशी घमेलंभर मालच असतो. गोडाऊन म्हणजे हार्ड डिस्क, घमेलं म्हणजे रॅम. घमेलं मोठं असेल तर खेपा कमी, काम पटापट. लाईट गेली की रॅममधलं सगळं जातं, गोडाऊनमधलं राहतं. म्हणून काम करताना मधेमधे ‘सेव्ह’ करायचं. सेव्ह करणं म्हणजे घमेल्यातला माल गोडाऊनला जमा करणं.

तुमच्या फोनच्या खोक्यावर ‘४ जीबी, ६४ जीबी’ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा रॅमचा आणि दुसरा गोडाऊनचा. ‘फोन हँग होतो’ ही तक्रार पुष्कळदा घमेलं लहान पडल्याची असते. ‘फोन फुल झाला’ ही गोडाऊनची. आणि गोडाऊन कशाने भरतं? सुप्रभातच्या फुलांनी आणि फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओंनी. मग कामाचा फोटो काढायला जागा उरत नाही.

बाहेर येतं ते आउटपुट. स्क्रीन, प्रिंटर, स्पीकर. तुमचं आउटपुट म्हणजे पगाराची स्लिप, बँकेचा एसएमएस, एटीएममधून येणारी नोट.

इथल्या हवेत हार्डवेअरचे दोन शत्रू, उष्णता आणि धूळ. पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि मशीन मंद होतं किंवा बंद पडतं. फोन उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. उशीखाली चार्जिंगला लावून झोपू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद, सरळ बदलून घ्या. एका खोलीत आठ-दहा जण झोपतो आपण, एकाच्या बॅटरीने सगळ्यांना धोका.

मग सॉफ्टवेअर

हा डबा नुसता जोडला आणि लाईट दिली तर काय होईल? पंखा फिरेल, बास. काय करायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे सॉफ्टवेअर. ते हाताला लागत नाही. माणसाने लिहिलेल्या सूचनांची ती यादी असते. आधी हे कर, मग ते कर, असं असेल तर तसं कर.

त्यातही दोन प्रकार. पहिला ऑपरेटिंग सिस्टीम. कॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी विंडोज, फोनवर अँड्रॉइड, आयफोनवर आयओएस. हा साइटचा फोरमन. वायरमन असो, प्लंबर असो, गवंडी असो, जागा, लाईट, सामान हवं तर फोरमनला विचारूनच. तशीच सगळी अ‍ॅप्स प्रोसेसर, रॅम, कॅमेरा, माइक मागतात ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे. नवीन अ‍ॅप घातलं की फोन विचारतो ना, ‘कॅमेरा वापरू देऊ का? कॉन्टॅक्ट बघू देऊ का?’ तो फोरमन तुम्हाला विचारत असतो, कारण मालक तुम्ही. आपण न वाचता ‘अलाऊ’ दाबतो. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे असतात? असा प्रश्न पडला की ‘नाही’ दाबा.

दुसरा प्रकार कामाचं सॉफ्टवेअर. एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप, आणि ऑफिसातलं पगाराचं सॉफ्टवेअर. त्याच्या पोटात माझ्या हिशेबासारखंच सूत्र असतं. ओटीचे तास गुणिले तासाचा दर. दर बरोबर होता आणि गुणाकारही बरोबर होता. ११७ दिरहमला ४.६९ ने भागून बघा. येतात २५ तास. माझे तास ५२ आणि सिस्टीममध्ये २५. आकडे उलटे पडले होते, एवढंच!

मशीन बिघडलं नव्हतं, सॉफ्टवेअरही चुकलं नव्हतं. मग चुकलं कोण?

तिसरा भाग, वापरणारा

पुस्तकात कॉम्प्युटरचे भाग शिकवताना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरवर पानंच्या पानं असतात, आणि वापरणाऱ्यावर, म्हणजे युजरवर, चार ओळी. आपल्यासाठी तोच सगळ्यात मोठा भाग आहे. हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि माणूस, हे तिन्ही मिळून सिस्टीम होते. ‘सिस्टीम दाखवतंय’ म्हणणारा माणूस त्यातल्या तिसऱ्याला सोयीने विसरतो. बऱ्याचदा तो तिसरा तो स्वतःच असतो.

साइटवर टाइमकीपर कागदावर तास लिहितो. तो कागद ऑफिसला जातो. तिथे कुणीतरी दिवसभर बसून दोन-तीनशे माणसांचे आकडे टाइप करतं. त्याचेही डोळे दुखतात, त्यालाही घाई असते. ५२ चे २५ होतात. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. पण चूक असो की लबाडी, पैसे आपलेच जातात.

आता चांगली गोष्ट सांगतो. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक युजरचं नाव आणि पासवर्ड असतो. नीट बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, कोणता आकडा भरला आणि बदलला याची नोंद राहते. सगळ्या युजरांना सारखे हक्कही नसतात. कुणी फक्त बघू शकतो, कुणी भरू शकतो, कुणी बदलू शकतो. बदलू शकणाऱ्याला अ‍ॅडमिन म्हणतात. खिडकीवरचा क्लार्क ‘मी काही करू शकत नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंही बोलत असेल. त्याला फक्त बघायचा हक्क असेल. मग विचारायचं, “बदलायचा हक्क कुणाला आहे? त्यांना कुठे भेटू?”

माझ्या खोलीत तेव्हा रत्नागिरीकडचे एक वडीलधारे चाचा होते, वीस वर्षं आखातात काढलेले. त्यांनी मला विचारलं, “तू तुझे तास लिहून ठेवलेस का रे?” ठेवले होते. खिशातल्या छोट्या डायरीत, रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. ते म्हणाले, “मग उद्या भांडायला जाऊ नको, जुळवायला जा.”

दुसऱ्या दिवशी मी डायरी घेऊन गेलो आणि एवढंच म्हणालो, “साहेब, साइटचा कागद आणि स्क्रीन जरा जुळवून बघता का?” कागद काढला. कागदावर ५२. स्क्रीनवर २५. पुढच्या पगारात राहिलेले १२६ दिरहम आले. रक्कम फार नाही म्हणाल, पण घरी पोरीची फी होती. आणि त्या दिवसापासून ‘सिस्टीम’ या शब्दाची माझी भीती गेली.

सगळ्यांचं असं एका खेपेत होत नाही, हे मलाही माहीत आहे. काही ठिकाणी कागदच गायब होतो, काही ठिकाणी कागदावरच कमी तास लिहितात. म्हणूनच आपली स्वतःची नोंद हवी.

तुम्हीही युजर आहात

पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला तेव्हा वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या होत्या. आज तुमच्या खिशातला साधा फोन त्या काळच्या महासंगणकाच्या तोडीचा आहे. मग त्यावर फक्त रील बघायचे का? त्याचं पुढचं काम मी सांगतो.

पहिलं, तासांची नोंद. एक्सेल येत नसेल तर फोनच्या नोटपॅडमध्ये लिहा. तारीख, आलो, गेलो, ओटी. मराठीत लिहा. गूगलच्या कीबोर्डला मराठी जोडता येतं, आणि माइकचं चिन्ह दाबून नुसतं बोललात तरी तो लिहितो. डायरी सोपी वाटत असेल तर डायरीत लिहा आणि आठवड्याला पानाचा फोटो काढा. नोंद रोजच्या रोज हवी. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्याला किंमत नाही.

दुसरं, कागदांचे फोटो. पासपोर्ट, व्हिसा, बताका म्हणजे एमिरेट्स आयडी, ऑफर लेटर, करार, पगाराच्या स्लिपा. फोटो काढा, स्वतःच्या ईमेलला पाठवा आणि घरी एका विश्वासाच्या माणसाला पाठवा. फोन हरवला तरी कागद राहतात. आणि ध्यानात ठेवा, पासपोर्ट कंपनीने काढून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही.

तिसरं, पुरावा गोळा करताना मर्यादा पाळा. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं किंवा बोलणं रेकॉर्ड करणं इथे गुन्हा आहे. सुपरवायझर ओरडतोय म्हणून चोरून व्हिडिओ काढलात, फेसबुकवर कंपनीला शिव्या घातल्यात, तर तुमची बाजू खरी असूनही तुम्हीच अडकाल. आपले कागद, आपले तास, आपल्याला आलेले मेसेज एवढंच जपा.

चौथं, पासवर्ड, पिन आणि ओटीपी. मघाशी सांगितलं, सिस्टीम माणसाला ओळखत नाही, युजरच्या नावाला आणि पासवर्डला ओळखते. तुमचा ओटीपी ज्याने टाकला, सिस्टीमच्या लेखी तो तुम्हीच. ‘पोलिसांतून बोलतोय, तुमचा आयडी बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा’ असा फोन आला तर कापा. पोलीस किंवा बँक फोनवर ओटीपी मागत नाही. यूएई पासवर लॉगिनची विचारणा आली आणि तुम्ही स्वतः काही उघडलेलं नसेल, तर नाकारा. आणि पगाराचं कार्ड पिनसकट सुपरवायझरकडे किंवा कॅम्प बॉसकडे देऊ नका. दिलंत, तर तुमच्या खात्याचा युजर तो झाला.

पाचवं, सिम. ही चूक आपल्यातल्या फार जणांकडून होते. इथला नंबर बँकेला, ईमेलला, व्हॉट्सअ‍ॅपला जोडलेला असतो. माणूस कायमचा गावी जातो, सिम बंद पडतं, आणि मग ओटीपी त्या मेलेल्या नंबरावर जातो. काही काळाने तो नंबर कंपनी दुसऱ्याला देते. म्हणून जाण्याआधी सगळीकडे नंबर बदला. तसंच भारतातला बँकेचा नंबर इथे असताना रिचार्ज करून चालू ठेवा.

सहावं, जुना फोन घेताना. बाजारातून वापरलेला फोन घेतला तर आधीच्या मालकाचं गूगल किंवा अ‍ॅपलचं खातं त्यातून काढलंय का, हे दुकानातच बघा. नाहीतर फोन रीसेट केल्यावर तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो आणि हातात नुसतं हार्डवेअर उरतं.

दोन प्रश्न आले होते

एका भावाने विचारलं, “पगार तर डब्ल्यूपीएसने येतो, सरकार बघतंच की. मग आपण कशाला लिहायचं?” चांगला प्रश्न आहे. इथे २००९ पासून वेतन संरक्षण पद्धत, म्हणजे डब्ल्यूपीएस, लागू आहे. कंपनी पगाराची फाइल बँकेमार्फत किंवा एक्स्चेंजमार्फत पाठवते आणि पगार झाला की नाही हे मंत्रालयाला दिसतं. पगारच झाला नाही तर ते कळतं, आणि हा मोठा आधार आहे. पण त्या फाइलमधले आकडे भरतं कोण? पुन्हा तोच युजर. तुम्ही साइटवर ५२ तास थांबलात की २५, हे फाइलला कुठून कळणार? ते सांगणारे तुम्हीच.

दुसऱ्याने विचारलं, “जुळवून बघा म्हटलं आणि ऑफिसने हाकलून दिलं तर?” आधी लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर, नम्र शब्दांत, तारीख आणि आकडे घालून. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारलं होतं हे राहतं. तरी दाद लागली नाही तर कामगार मंत्रालयाच्या तक्रार केंद्राचा ८००८४ हा नंबर आहे. आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्रही मदत करतं, त्यांचा टोल फ्री नंबर ८०० ४६३४२. फोन करताना बताका, कराराचा फोटो आणि तासांची नोंद जवळ ठेवा. आणि तक्रार तापल्या डोक्याने, काम सोडून निघून जाऊन करू नका. गैरहजेरीचा शिक्का बसला तर आपलीच बाजू लंगडी होते.

शेवटी एकच काम सांगतो

आज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. मागच्या महिन्याची पगाराची स्लिप उघडा. ओटीचे पैसे तासाच्या दराने भागा आणि बघा, सिस्टीमच्या मते तुम्ही किती तास काम केलंय. मग तुमच्या आठवणीशी जुळवा. ज्यांना भागाकार जमत नाही त्यांनी शेजारच्या बंकवाल्याला विचारा, त्यात लाज कसली. फरक निघाला तर पुढच्या रविवारी या, बसून अर्ज लिहू. नाही निघाला तर फारच छान. तरी उद्यापासून तास लिहायला सुरुवात करा.

पुढच्या वेळी कुणी ‘सिस्टीममध्ये असंच दाखवतंय’ म्हणालं, तर आवाज न चढवता विचारा, “बरोबर आहे साहेब, पण भरलंय कुणी? आणि कोणत्या कागदावरून?”

हा डबा अजून अर्धा तास इथेच आहे. ज्यांना उघडून बघायचाय त्यांनी पुढे या. स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे.